स्लीपरच्या पायावरचा खांब

वाईला आमच्या पडवीच्या खांबांना वाळवी लागली आणि घरातले सगळे सिमेंटचा जप करू लागले. मी हट्टी. लोधिवलीचे मधुकरदादा सुतार रेल्वेने मोडीत काढलेल्या स्लीपरचे (रुळांखालचे, डांबराच्या तेलात मुरवलेले ओंडके) तुकडे जोडून जुने खांब वाचवतात असं कळलं, आणि भर मे महिन्यात कर्जतला उतरलो.

सहा आसनी रिक्षाने चौक गावापर्यंत हाडं खिळखिळी केली. तिथे एका गॅरेजवाल्याला पत्ता विचारला.

"सरळ जावा. डांबराचा वास आला की थांबा!"

वास आला, थांबलो. अंगणात काळे ओंडके रचलेले होते. दमून एकावर टेकलो आणि उठलो तो पांढऱ्या पँटचं वाटोळं करूनच.

"उन्हानं त्याल सुटतं, पावनं," दादा हसले. "त्येच वाळवीला नको असतं. पन याची ढलपी चुलीत नाय घालायची. धूर वाईट."

ते स्वतःच्याच पडवीचा खांब सोडवत होते. त्यांच्या पत्नीची, सखूबाईंची, नजर गेलेली. दारापासून ओट्यापर्यंत त्या खांब चाचपत एकट्या जात. मधल्या खांबाचा बुंधा कुजला होता. मुलगा राजू पनवेलला नोकरीला रोज जाऊन-येऊन, आज सुट्टी म्हणून घरीच. त्याने लोखंडी पाइप आणून ठेवला होता आणि उद्या वेल्डर येणार होता.

"तिला पाइप कसा वळखू येल?" दादा हळूच म्हणाले. "आज जमलं तर जमलं."

छपराला टेकू दिला. कुजका हातभर भाग कापून दादांनी तेवढाच स्लीपरचा तुकडा सांधला. मग दादा, राजू, एक शेजारी आणि मी अशा चौघांनी खांब उभा केला. वरची खोबण चौकोनी, त्यामुळे सहज बसला. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी खाऊन मी तृप्त झालो.

सखूबाई बाहेर आल्या. पहिला खांब झाला. मधल्यावर हात थबकला.

"अवो, ह्यो आपला नाय."

"आपलाच हाय गं!"

"नाय. मी आत जाते."

दादांचा चेहरा पडला. त्यांनी खांबावरून तळवा फिरवला तेव्हा रस्त्याच्या बाजूला हाताने झिजून गुळगुळीत झालेला खळगा लागला. खांबाची आतली बाजू आम्ही बाहेर करून ठेवली होती. एवढा जुना सुतार, पण सगळं लक्ष कुजक्या बुंध्यावर!

मी काही बोलायच्या आत राजूने टेकू उचलला. "बाबा, फिरवू."

पुन्हा घाम गाळला. सखूबाई पुन्हा आल्या. हात खळग्यात बसला. "हां," म्हणाल्या आणि कुणाचाही आधार न घेता ओट्यावर जाऊन बसल्या. दादांनी सगळ्यांसमोर डोळे पुसले.

राजूने मला बाइकवरून कर्जत स्टेशनला सोडलं. फलाटावर म्हणाला, "रोज तिथनंच जातो मी. आईचा हात कुठं लागतो, कधी बघितलंच नाय."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. गाडी सुटली तरी तो तिथेच उभा होता. घरची माणसं समोर असतात तोवरच त्यांच्याकडे नीट पाहून घ्यावं, एवढंच वाईपर्यंत मनात येत राहिलं.