आमच्या दुकानातून चुकून गेलेल्या वस्तू

बरोबर पत्त्यावर पोचलेलं कपाट कुणाच्या लक्षात राहत नाही. चुकीच्या घरी गेलेलं मात्र राहतं. दुपारच्या चहाला कुणीतरी नुसतं "तो पंखा आठवतो का?" म्हणतं, आणि मग अर्धा तास कामाला हात लागत नाही. एकातून दुसरा किस्सा निघतो, दुसऱ्यातून तिसरा. हसायला म्हणून सुरू करतो आम्ही. शेवटी सगळे गप्प का होतात, ते मला अजून कळलेलं नाही.

मी सुजाता. राहते बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका फर्निचर आणि घरसामानाच्या दुकानात एकोणीस वर्षं कम्प्लेंटच्या टेबलावर बसते. आम्ही तिघं इथले जुने. मी, टेम्पो चालवणारे विलासभाऊ आणि मालक हरीशसेठ. सेठ सिंधी, पण मराठी आमच्यासारखंच बोलतात. राग आला की तेवढे हिंदीत जातात.

चुकीच्या डिलिव्हरीचा आमच्याकडे आधी काही नियम नव्हता. सेठना वाटेल तो नियम. तो बदलला अंबरनाथच्या एका नर्सबाईंमुळे.

रेश्मा नाव त्यांचं. त्यांनी साधं छोटं वॉशिंग मशीन घेतलं होतं, आणि आम्ही पाठवलं भलंमोठं, फुल ऑटोमॅटिक. त्यांनी खोकं उघडलंसुद्धा नाही, त्याच संध्याकाळी फोन केला. सेठ मला म्हणाले, "त्यांना सांग, वरचा फरक भरा आणि हेच ठेवा. नाहीतर इथे आणून द्या, बदलून देतो."

मी निरोप दिला. बाई शांतपणे म्हणाल्या, "मी हे मागवलं नाही, म्हणून मी विकत घेणार नाही. माझं नाही, म्हणून ठेवूनही घेणार नाही. चूक तुमची आहे, तर न्यायला तुम्ही या. आणि येताना माझं मशीन घेऊन या."

सेठनी फोन माझ्या हातातून घेतला. "आप वकील हो क्या?"

"नाही, नर्स आहे. आमच्याकडे चुकीचं औषध गेलं, तर पेशंटला कुणी सांगत नाही की परत आणून दे."

सेठनी फोन माझ्याकडे परत दिला. नंतर त्यांनी ओळखीच्या वकिलाला विचारलं, तर तोही तेच म्हणाला. चुकून आलेली वस्तू ग्राहकाची होत नाही, ती परत द्यायलाच हवी. पण ती उचलायचं काम दुकानाचं आणि खर्चही दुकानाचा. ग्राहकाच्या गळ्यात ती मारता येत नाही, त्याला खेपा घालायला लावता येत नाही. तेव्हापासून हा आमचा नियम.

विलासभाऊ मशीन आणायला गेले, तेव्हा रेश्माबाईंची आई खोक्यावरचं चित्र बघत उभी होती. "यात म्हणे कपडे टाकायचे आणि विसरून जायचं," ती म्हणाली. आणि मग दोन्ही हातांनी तिने स्वतः खोकं दाराकडे ढकलायला मदत केली.

सामंतसाहेब अंबरनाथ पूर्वेला राहायचे. एका कारखान्यातून अधिकारी म्हणून रिटायर झालेले, घरात एकटे. त्यांनी एक टेबलफॅन घेतला, आणि आमच्याकडून दोन गेले.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला फोन. "मॅडम, तुमचा एक पंखा माझ्या ताब्यात आहे. मालकी तुमचीच. कधी नेता?"

मी म्हटलं, टेम्पो त्या बाजूला आला की नेतो. तिसऱ्या दिवशी अकराला परत फोन. पंखा सुरक्षित आहे, धूळ बसू नये म्हणून वर चादर घातली आहे. चौथ्या दिवशी, चादर काढून नीट पॅक केला आहे. मग हळूहळू पंख्याचं बोलणं कमी झालं. आज भाजीला काय केलंत, बदलापूरला पाणी आलं का, अंबरनाथला तर दोन दिवस नाही, असं सुरू झालं. मिसेस गेल्यापासून सकाळचा चहा जास्तच होतो, हे त्यांनी एकदा सांगितलं. एकाच माणसाचा चहा त्यांना अजून करता येत नव्हता.

खरं सांगते, तो पंखा आणायला मी विलासभाऊंना जरा उशिराच पाठवलं. शेवटी नियमाप्रमाणे आणला. साहेबांनी पोच मागितली, सही घेतली, सगळं पद्धतशीर.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला. "मॅडम, पंखा पोचला ना?"

"पोचला साहेब. थँक्यू."

त्यांनी फोन ठेवला नाही. मग म्हणाले, "मग आता कशाबद्दल फोन करू?"

मंदाताईंचा किस्सा आमच्या हेंद्रेपाड्यातलाच. त्यांच्या मुलाने टीव्ही ठेवायला युनिट बुक केलं होतं. त्याऐवजी गेलं स्टडी टेबल, खुर्चीसकट. वर पुस्तकांचा कप्पा, खाली खण, बाजूला दिवा लावायला जागा.

मंदाताईंचा फोन आला. "जयभीम ताई. हे टेबल चुकून आलंय ना? तुमचा माणूस येईपर्यंत ते वापरलं तर चालेल का?"

मी म्हटलं, "नियमाने नाही चालत ताई. ते दुसऱ्याचं आहे. ओरखडा वगैरे पडला तर पंचाईत."

"बरं. नुसतं बसलं तर?"

नुसतं बसायला नियमात काय असणार? मी म्हटलं, बसा.

त्यांचं वय साठीच्या आसपास. सातवीत शाळा सुटली, कारण धाकटी भावंडं सांभाळायला घरात कुणी नव्हतं. पुढे लग्न झालं, मग दोन मुलं. दोन्ही मुलं स्वयंपाकघराच्या ओट्यावर वह्या पसरून शिकली, चांगल्या नोकरीला लागली. हे सगळं त्यांनी मला नाही सांगितलं, विलासभाऊंना सांगितलं. टेबल आणायला ते दोन दिवसांनी गेले, तेव्हा मंदाताई खुर्चीवर बसल्या होत्या. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, ओरखडा पडू नये म्हणून. आणि दोन्ही हात मांडीवर. टेबलाला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

विलासभाऊंचा पाय निघेना. "ताई, दोन दिवस उशिरा आलो असतो तरी चाललं असतं," असं काहीतरी ते पुटपुटले.

मंदाताईंनी विचारलं, "भाऊ, हे ज्यांचं आहे, त्यांच्याकडे कोण शिकतंय?"

"मुलगी आहे. दहावीला."

त्या झटकन उठल्या. "मग लवकर न्या."

उल्हासनगरच्याच कॅम्प चारमध्ये एक आजी आहेत. सेठ त्यांना अम्मा म्हणतात, म्हणून आम्हीही अम्मा. फाळणीत सिंधमधून निघाल्या, तेव्हा पाच वर्षांच्या होत्या. इथे आधी बराकीत राहिल्या, मग त्याच जागी मुलाने घर बांधलं. त्या घरासाठी मुलाने साधा दिवाण घेतला होता. आमच्या गोडाऊनमधल्या चिठ्ठ्या बदलल्या आणि तिथे गेला लाकडी झोपाळा, पितळी कड्यांचा. तो डोंबिवलीच्या एका बंगल्याचा होता.

मुलाने रीतसर फोन केला, चुकीचं सामान आलंय, घेऊन जा. विलासभाऊ गेले आणि रिकाम्या टेम्पोने परत आले. म्हणाले, "अम्मा त्यावरून उठत नाहीत. मी काय करू, उचलून बाजूला ठेवू?"

मग सेठ स्वतः निघाले आणि मलाही बरोबर घेतलं. त्यांना वाटलं, बाईमाणूस असलेलं बरं.

झोपाळा अजून टांगलेला नव्हता, जमिनीवरच होता. त्यावर अम्मा पाय दुमडून बसल्या होत्या, एक कडी हातात धरून. मुलगा ओशाळून उभा. "सेठ, सिंधमधल्या घरी असाच होता, असं म्हणते ती. मला तर आजवर कधी बोलली नव्हती."

सेठ खाली बसले. हळू आवाजात, मलाही कळावं म्हणून हिंदीत म्हणाले, "अम्मा, ये गलती से आया है."

अम्मांनी कडी सोडली नाही. "गलती से नहीं आया, बेटा," त्या म्हणाल्या. "देर से आया है."

झोपाळा तिथेच ठेवून आम्ही निघालो. दुकानात आल्यावर सेठ म्हणाले, "डोंबिवलीला दुसरा झोपाळा बनवायला टाक. आणि तो दिवाण परत आणू नकोस म्हणून अम्माच्या मुलाला सांग." दिवाण तर त्यांच्याकडे पोचलाच नव्हता, सेठना झोपाळाच म्हणायचं होतं. आपण दिवाण म्हणालो, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही, आणि मीही आणून दिलं नाही.

एकदा माझ्याच घरी चुकीची वस्तू आली.

माझे मिस्टर जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला शिकायला. मी मोबाईलवरून एका कंपनीकडून चादरी मागवल्या. खोकं उघडलं तर आत पुरुषाच्या चपला. चॉकलेटी रंग, नंबर नऊ. मिस्टरांचा नंबर सात होता, त्यामुळे त्यांची आठवण यावी असंही काही नव्हतं.

मी तक्रार टाकली. तीन दिवसांत उत्तर देतो, असा मेसेज आला. तोपर्यंत खोकं आत ठेवायला जागा नव्हती, म्हणून चपला काढून दाराशी ठेवल्या, माझ्या चपलांच्या शेजारी.

संध्याकाळी कामावरून आले, जिना चढले, आणि दारात त्या दिसल्या. मी किल्ली काढायची थांबले. बेलकडे हात गेला. एवढंच. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी तर मी शेवटच्या पायऱ्या जरा भराभरा चढले.

त्या दिवशी कंपनीतून एका मुलीचा फोन आला. "मॅम, आपके पैसे वापस आ जाएँगे. चप्पल आप ही रख लीजिए, पिकअप नहीं होगा."

एकोणीस वर्षं मी लोकांना नियम सांगते. दुकानाने स्वतःहून ठेवा म्हटलं, की वस्तू ठेवता येते, हे मला पुरतं ठाऊक आहे. तरी मी म्हटलं, "नहीं, आप ले जाइए."

"मॅम, फ्री है. क्यों वापस कर रही हैं?"

मी म्हटलं, "साइज बड़ा है."

आता विलासभाऊंचा. हा आम्ही चहाला सांगत नाही, कारण ते समोर असतात.

विलासभाऊंना एकच मुलगा, निखिल. त्याला अंबरनाथच्या एमआयडीसीत चिकटवायला त्यांनी एका साहेबाचे किती उंबरठे झिजवले, ते मी पाहिलंय. निखिलने तीन महिन्यांत नोकरी सोडली. मला मोटार दुरुस्तीचंच शिकायचं आहे, म्हणाला. विलासभाऊंना त्या साहेबापुढे मान खाली घालावी लागली. घरी येऊन ते म्हणाले, "परत या घरात पाऊल टाकू नकोस." तो नाशिकला गेला. चार वर्षं दोघांत एक शब्द नाही. दुकानात कुणी मुलांचं बोलायला लागलं, की विलासभाऊ टेम्पोचं पाणी बघायला जायचे.

गेल्या वर्षी एका सकाळी मी वेबसाइटवरच्या ऑर्डरींच्या चिठ्ठ्या काढत होते. एक सिंगल बेड होता. नाव निखिलचं. पत्ता विलासभाऊंच्या अंबरनाथच्या घराचा.

मी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"चुकून आलंय," ते म्हणाले. "मोबाईलमध्ये जुना पत्ता तसाच राहिला असेल. फोन लावा आणि नवा पत्ता घ्या. उगाच माल चुकीच्या घरी जायला नको."

नियमही तोच आहे. पत्त्याची शंका आली, तर आधी ग्राहकाला विचारायचं. मी टेबलावरच्या फोनचा स्पीकर चालू केला. मी नेहमीच तसं करते. विलासभाऊ दाराकडे वळून दोरी गुंडाळायला लागले.

"नमस्कार, दुकानातून बोलतेय. तुमच्या बेडचा पत्ता नक्की करायचा होता."

"सुजातामावशी ना?" निखिलने आवाज ओळखला.

"हो रे. अंबरनाथचा पत्ता पडलाय इथे. बदलायचा आहे का?"

"नाही मावशी. पत्ता बरोबर आहे."

दोरीचा आवाज थांबला. मला पुढचं विचारणं भाग होतं. "बेड कुठे जोडायचा, ते आमच्या माणसाला आधी सांगावं लागतं."

"टेम्पोवर अजून तेच आहेत ना?"

"तेच आहेत."

"मग त्यांना सांगा, खिडकीखाली लावा. मला झोपताना वारा लागतो."

फोन ठेवला. त्या दिवशीच्या टेम्पोत आधीच दोन कपाटं आणि एक डायनिंग टेबल चढवलेलं होतं. विलासभाऊंनी ते सगळं उतरवलं आणि बेड एकटाच नेला.