रस्त्यापलीकडची बकुळ

काशीत मी दीड महिना राहिलो, पण विश्वनाथाचे दर्शन जेमतेम चार वेळा झाले. चुन्याचे मात्र रोज झाले. दोष माझ्या राधाआत्याचा. सरकारी बांधकाम खात्यातून मी ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालो, हे कळताच तिने वाईला पत्र टाकले : "साहेबाचे पूल फार बांधलेस. आता ये, माझे एक काम कर."

गंगेवरच्या लोखंडी पुलावर गाडी आली तेव्हा डब्यातल्या साऱ्यांनी हात जोडले. मी पुलाचे खांब मोजत होतो. सवय जात नाही.

आत्याचे बिऱ्हाड मंगला गौरीजवळच्या गल्लीत. वय सत्तरीपुढचे, जीभ पंचविशीची. माझ्यापुढे गल्लीतली कचौडी आणि जिलबी ठेवून (स्वतः ती बाहेरचे शिवत नाही) तिने काम सांगितले. तिच्या सासऱ्यांना कोणा मराठा सरदाराकडून शहराबाहेर पंचक्रोशीच्या रस्त्यावर शेत आणि त्यातले दगडी घर मिळाले होते. वीस वर्षे ते ओस पडले होते. आता अधिक महिना येणार, पंचक्रोशी करायला आपल्याकडची माणसे लोटणार आणि झाडाखाली निजणार.

"त्यांना कोरडी जमीन आणि गरम पिठलंभात मिळायला हवा," आत्या म्हणाली. "जल्दी कर. तुझ्या सरकारी चालीनं नको."

दुसऱ्या दिवशी आम्ही एक्क्याने निघालो. आंब्याच्या बागा लागल्या, एक तळे लागले, आणि एका छोट्या देवळापाशी आत्या उजवीकडे उतरली. समोर, रस्त्याच्या डाव्या हाताला, ते घर उभे होते. छपराची खपरैल (कौले) निम्मी खाली आलेली, दारात एक शेळी रवंथ करीत बसलेली.

"चल की," मी म्हटले. आत्या देवळाच्या ओवरीत बसली ती बसलीच.

मग उलगडा झाला. पंचक्रोशीचा रस्ता म्हणजे काशीची वेस. उजवीकडे काशी, डावीकडे उरलेले जग. म्हणून देवळे उजवीकडे आणि यात्रेकरूंच्या धर्मशाळा डावीकडे. यजमान गेल्यावर आत्याने क्षेत्रसंन्यास घेतला होता. मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही, असा नेम.

"अगं, वीस पावलं आहेत!"

"मग वीस पावलं काशीबाहेर मरू का?"

मी हात टेकले. ज्या घरात तिने पंधरा वर्षे संसार केला, ते तिने वीस वर्षे फक्त समोरून पाहिले होते. आता ती त्याच ओवरीत मुक्काम ठोकून आठवणीवरून हुकूम सोडू लागली. "उजव्या खोलीत तिसरा कोनाडा आहे, बुजवू नकोस!" कोनाडा तिसराच निघे.

कामाला रमजान मिस्त्री होता. चुन्यात तो गूळ आणि बेलफळाचा गर घालायचा. निम्मा गूळ मजुरांच्या पोटात जायचा, पण गिलावा असा बसे की माझी खात्यातली ऐट उतरली. एकदा नकाशा बघत चालताना मी चुन्याच्या खड्ड्यात गुडघाभर गेलो. पलीकडून आत्या पोट धरधरून हसली. दुपारी मिस्त्रीचे मजूर बाटी-चोखा (भाजलेले कणकेचे गोळे आणि वांग्याचे भरीत) करीत. आत्याला न सांगता मी ते भरपूर हाणले.

रोज संध्याकाळी ती एकच प्रश्न विचारी. "मागच्या विहिरीपाशी बकुळ आहे ना रे? माहेरून, वाईहून, मांडीवर रोप आणलं होतं मी."

बकुळीचा (तिकडे मौलसिरी म्हणतात) खुंट उरला होता. कोणीतरी कुऱ्हाड चालवली होती. पहिल्याच दिवशी तिचा चेहरा पाहून मी बोलून गेलो, "आहे की! फुललीय." एकदा खोटे बोलले की ते वाढवावे लागते. दुसऱ्या दिवशी फांदी विहिरीवर आली, तिसऱ्या दिवशी फुलांचा सडा पडला.

एके सकाळी रमजानने मला माजघरात बोलावले. पुढचे दार आणि मागचे दार एका रेषेत होते, पण मधले बुजवलेले होते. "बाबूजी, ई दीवार पुरान ना हौ. भूसा रखे बदे केहू बाद में उठवले हौ (ही भिंत जुनी नाही, कोणीतरी भुसा ठेवायला मागाहून बांधलीय). तोड़ देईं त माताजी ओह पार से इनार (विहीर) तक देख लीहैं."

विहीर दिसली की खुंटही दिसणार.

"नको," मी म्हटले. "एक खोली वाढते."

आत्याने पलीकडून विचारले, "बापू, मधलं दार उघडलंस?"

"त्या भिंतीवर छपराचा भार आहे, आत्या."

तीस वर्षे भिंती पाहिलेला माणूस मी, भिंतीबद्दल खोटे बोललो. जेवण गोड लागेना.

यात्रेकरू यायच्या आदल्या दिवशी आत्या रस्त्याच्या अगदी कडेला, सीमेवर बोटे टेकून उभी दिसली. मान वाकडी करून ती पुढच्या दारातून आत बघत होती. आत अंधार आणि ती भिंत. मला माझीच लाज वाटली. "तोडो, मिस्त्री," मी म्हणालो.

धूळ बसली आणि तिन्ही दारांतून ऊन आरपार आले. मी आत्याशेजारी जाऊन उभा राहिलो. विहीर दिसत होती, रहाट दिसत होता, खुंटही दिसत होता.

"आत्या, मी तुला..."

"चूप. बकुळीचा वास ह्या ओवरीपर्यंत यायचा. वास कुठली सीमा पाळतो? दर चैत्रात मी इथे येऊन बसते. सात-आठ चैत्र झाले, आला नाही."

"मग रोज मला का विचारत होतीस?"

"तू छान सांगत होतास." तिने डोळे पुसले. मीही पुसले, चुना गेला असे म्हणत.

दुसऱ्या दिवशी संगमनेरकडची पहिली मंडळी उतरली. त्यांतली एक नवी सून विहिरीवर गेली तशी आत्या रस्त्याच्या कडेवरून, तिन्ही दारांतून ऐकू जाईल अशी ओरडली, "अगं, रहाट अडतो मध्येच, दोर सैल सोड!" पोरगी दचकली, मग हसून तिने दोर सैल सोडला.

निघण्यापूर्वी आत्याने माझ्याकडून खुंटाशेजारी बकुळीचे नवे रोप लावून घेतले. "फुलायला आठ-दहा वर्षं लागतील," मी म्हटले.

"मग तोवर तुलाच सांगावं लागेल."

आता वाईत लोक विचारतात, काशीत काय सोडलेत? मी पडवळ म्हणून सांगतो. ते मला कधीच आवडत नव्हते. खोटे बोलणे सोडायला हवे होते, पण दर चैत्रात मी काशीला एक कार्ड टाकतो : "आत्या, बकुळ फुलली."

तिचे उत्तर येते : "वास आला."