पऱ्हाटीची पानं भेंडीसारखी झाली तेव्हा

एफ-बॉक्स नावाच्या प्रथिनांच्या कुटुंबावर पुण्यात सहा वर्षं घालवून मी डॉक्टर झाले. पेशीतलं नेमकं कोणतं प्रथिन मोडीत काढायचं, हे ही मंडळी ठरवतात. धाडजवळच्या आमच्या गावात सत्कार झाला. मी डाळी आणि अंड्यांवर संशोधन केल्याचं सरपंचांनी भाषणात ठोकून दिलं. मी हात जोडून हसले. खाली उतरल्यावर गावातल्या एका सुनेनं विचारलं, "लेकराले रोज किती अंडे देऊ?" मी दोन सांगितली.

पुढच्या पावसाळ्यात बाबांचा फोन आला. "पऱ्हाटीचं पान भेंडीवानी होऊन राह्यलं. ये बरं."

गेले. कपाशीची पानं अरुंद, चिरलेली, शेंडे मुरडलेले. मी भिंग काढलं, चेहरा गंभीर केला आणि म्हणाले, "व्हायरस." कृषी केंद्रवाल्यानंही तेच सांगून तीन बाटल्या दिल्या. दोन तज्ज्ञांचं एकमत झाल्यावर बाबा काय बोलणार?

ते फवारणीचा पंप भरायला लागले, तेवढ्यात शेतात तण निंदायला आलेल्या काकूंनी त्याचं झाकण हुंगलं.

"भाऊ, पंप कोनाचा हा?"

"शेजाऱ्याचा. मागची फवारणी याच पंपानं केली."

"त्यानं टू-फोर-डी मारलं होतं धुऱ्यावरच्या गवतावर. न धुताच देल्ला वाटते."

तेच तणनाशक मी सहा वर्षं प्रयोगशाळेत थेंबाथेंबानं रोपांना दिलं होतं आणि त्यांची पानं मुरडली की खूश होऊन फोटो काढले होते.

मग मी बांधावर व्याख्यानच दिलं. हे औषध वाढीच्या संप्रेरकाचं सोंग घेतं, एफ-बॉक्स फसतं, वाढीला लगाम घालणारी प्रथिनंच मोडीत काढतं, आणि झाड भरकटतं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे पंप धुवा लागते, हेच न?"

"हो."

"मंग व्हायरस काऊन म्हनलं तू?"

बाबा शेजाऱ्याच्या पंपाकडे बघत राहिले, माझ्याकडे नाही. ते जास्त लागलं.

बाटल्या कृषी केंद्रानं परत घेतल्या नाहीत. महिन्याभरानं नवी पानं सरळ आली, पण पहिली बोंडं गेलीच. कृषी केंद्रवाला आता पंप धुण्याची पावडर विकतो आणि 'डॉक्टर मॅडमचं संशोधन' म्हणून सांगतो. बाबांनी दोन पुडे आणले. मी वास घेऊन पाहिला. कपडे धुण्याची पावडर आहे.