न सांगता दिसणारा फोटो

गल्लीत त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना एक्सरेकाका म्हणायचे. इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत त्यांनी चौतीस वर्षं लोकांच्या छात्या, गुडघे आणि मनगटं टिपली होती. "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा," हे त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी जिभेवरून उतरलं नव्हतं. घरातला प्रिंटर कागद आत ओढायला लागला की ते त्यालाही हळूच तेच सांगायचे, आणि कागद बाहेर येईपर्यंत स्वतःच श्वास धरून बसायचे.

"एक दिवस मोठा कागद घालाल आणि मला डॉक्टरांना बोलवावं लागेल," बायको म्हणायची.

प्रिंटर साधा, घरगुती, शाईच्या चार टाक्यांचा होता. वडील घरात बसून कंटाळतील म्हणून लेकीने तो आणून दिला होता. काकांनी तो बायकोच्या शिलाई मशीनच्या टेबलावर मांडला आणि पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की रंगीत फोटो छापायचे नाहीत. रंगाने माणूस फसतो, असं त्यांचं मत होतं. एक्सरेत हाड पांढरं दिसतं आणि हवा काळी, ते कुणालाही कळतं. सांगण्यासारखं जे असतं ते मधल्या करड्यात असतं, आणि करडं वाचायला त्यांना दहा वर्षं लागली होती.

हे सगळं प्रिंटरला मात्र ठाऊक नव्हतं. काळ्या-पांढऱ्या फोटोतही तो रंगीत शाया मिसळायचा, आणि पहिल्या महिन्यात घरातली सगळी माणसं हिरवट निघाली. "ही काविळीची साथ कधी संपणार?" असं बायको विचारू लागली. नुसती काळी शाई वापरून पाहिली तर गालांवर मिरी भुरभुरल्यासारखे ठिपके आले. एकवीस पायऱ्यांची करड्या रंगाची पट्टी तयार करून, ती पुन्हा पुन्हा छापून, निळं थोडं कमी, पिवळं किंचित जास्त असं करत करत काका एकदाचे निखळ करड्याला पोचले. कागद कसा निवडायचा तेही शिकले. जाड, चमक नसलेल्या कागदाची एकच बाजू शाई धरते, आणि ती कुठली हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून ते कोपरा ओल्या ओठाला लावून बघायचे. जी बाजू चिकटेल ती खरी.

"माझ्या वाट्याला असं कौतुक कधी आलं नाही," बायको जाता जाता म्हणायची, आणि काकांचे कान लाल व्हायचे.

दोन गल्ल्या सोडून त्यांची ताई राहायची. अकरा वर्षांनी मोठी. काकांचं बोट धरून तिने त्यांना शाळेत सोडलेलं, पुढे टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर झाल्यावर त्यांची कॉलेजची फी भरलेली. आता मुलगा आणि सून कामावर गेले की दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. दोन वर्षांपासून तिच्या नजरेच्या ऐन मधोमध धुकं साचलं होतं. कडेकडेचं दिसायचं, पण जिकडे बघावं नेमकं तेच पुसलं जायचं. जे शिल्लक आहे ते इंजेक्शनांनी काही काळ टिकेल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं.

तीन महिन्यांपूर्वी दूर दुसऱ्या शहरात तिच्या नातीला मुलगी झाली. रोज फोनवर फोटो यायचे. मुलगा आणि सून फोन ताईच्या डोळ्यांसमोर धरायचे, ताई म्हणायची, "गोड आहे गं, अगदी गोड."

एका दुपारी काका भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "धाकट्या, तुला एक सांगते, कुणाला बोलू नकोस. मला त्या पोरीचं तोंड अजून दिसलेलं नाही."

"म्हणजे? रोज बघतेस ना?"

"फोनचा उजेड डोळ्यांत भाला खुपसल्यासारखा लागतो. काही दिसत नाही. मी आपली गोड म्हणते. सगळे म्हणतात, आजी, अगदी तुझ्यावर गेलीय. मी म्हणते, हो, गेलीय." तिने खिडकीकडे तोंड वळवलं. "आयुष्यभर आवाजावरून माणसं ओळखली, बघायची हौस कधी केली नाही. हिला मात्र बघायचंय, आहे ते टिकलंय तोवर. तू ते कागदावर काढतोस ना?"

"आज रात्रीपर्यंत आणून देतो."

"घाई नको. पण एक अट आहे. यात काय आहे ते तू मला सांगायचं नाहीस. मी तुला सांगेन."

काकांना ही अट अगदीच सोपी वाटली. ताईच्या सुनेकडून त्यांनी एक फोटो मागवून घेतला. पोर पाठीवर निजलेली, दुपट्यात गुंडाळलेली, डोळे उघडे. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी खोलीचे पडदे ओढले, दिवा बंद केला आणि लॅपटॉपसमोर बसले. काम करताना खोली काळोखी हवी ही त्यांची जुनी सवय होती. लॅपटॉपच्या पडद्यावर पोरीच्या गालावरचा करडा असा काही उमटला की ते स्वतःवरच खूश झाले. दुपट्याच्या घडीघडीत वेगळी छटा होती. ओठाच्या खालची सावली तर रेशमासारखी. संध्याकाळी ते फोटो घेऊन ताईकडे गेले.

ताईने कागद हातात घेतला, मान डावीकडे वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागली. धुक्याला वळसा घालून बघायची तिची ती रीत होती. मग मान उजवीकडे वळवली.

"ढग आहे का?"

काका काही बोलले नाहीत.

"बोलू नकोस म्हटलं म्हणून मुका झालास. ढग नसेल तर काय मग, उशी?"

"अगं ताई, हे कपाळ, आणि हा इथे डोळा..."

"झालं. आता सांगितलंस म्हणून मला डोळा दिसणार. एवढं तर मी फोनवरही करतेच आहे."

काकांनी दुसरा फोटो दुप्पट मोठा छापला, काळं-पांढरं अधिक ठळक केलं. तिसरा त्याहून ठळक. ताई प्रत्येक वेळी मान इकडे तिकडे वळवायची आणि कागद मांडीवर ठेवायची. तिसऱ्या खेपेला ती नुसतीच "नाही रे" म्हणाली. काकांना ते फार लागलं.

"फोटो बरोबर आहे, ताई. तुझे डोळेच..." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली.

"माझे डोळे आहेत तसे आहेत," ताई शांतपणे म्हणाली. "ते काही बदलून मिळणार नाहीत. तुझा फोटो बदलता येतो."

काका घरी आले ते तोंडात मारल्यासारखे. बायकोने चहा पुढे ठेवला आणि तिन्हींतला शेवटचा फोटो हातात घेऊन मागच्या दाराशी उजेडात गेली.

"अहो, मलाही धड दिसत नाहीये. सगळं काळं झालंय."

"तू पण सुरू झालीस? आण इकडे." काका उठले, फोटो दोन्ही हातांनी वरच्या कोपऱ्यांत धरून त्यांनी खिडकीच्या काचेवर टेकवला. मागून उजेड आला आणि कागद उजळला. "आता बघ. दुपट्याची घडीन् घडी दिसतेय की नाही?"

बायकोने फोटोकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"ताईंनी काय फोटो काचेला लावून बघायचाय? अहो, हे कुणाचं फुफ्फुस आहे का?"

काकांचे हात तसेच वर राहिले. चौतीस वर्षं त्यांनी प्रत्येक चित्र असंच बघितलं होतं. भिंतीवर दिव्याची पेटी, पेटीवर फिल्म, मागून उजेड, खोलीत काळोख. लॅपटॉपचा पडदाही पाठीमागूनच उजळणारा. पडदे ओढून, काळोख करून, त्या उजळ पडद्यावर त्यांनी करडं पारखलं, ते कागदावर उतरवलं आणि उतरलं की नाही हे उजेडावर धरून बघितलं. पण कागद मांडीवर घेऊन बघणाऱ्याच्या फोटोवर उजेड समोरून पडतो. त्या उजेडात त्यांची सगळी रेशमी करडी काळ्यात बुडत होती. हे गल्लीतल्या कुठल्याही पोराला कळलं असतं. त्यांना कळायला अर्धं आयुष्य आडवं आलं होतं.

"तू एवढे दिवस का नाही बोललीस?" त्यांनी हात खाली घेत विचारलं.

"मला वाटलं, तुम्हाला असंच हवंय. कलाकाराला कसं बोलणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका हातात प्रिंटर धरून रस्त्याने निघाले. मागे बायको, एका खांद्याला लॅपटॉप, दुसऱ्या हातात कागदांची पिशवी. टाक्यांतली शाई डचमळू नये म्हणून काका असे जपून पावलं टाकत होते, की कोपऱ्यावरच्या वाण्याने विचारलं, "काय काका, घर बदलताय?"

"बदलत नाहीत, पंगतीला वाढायला निघालेत," बायको म्हणाली.

ताईच्या खोलीत त्यांनी खुर्चीशेजारी स्टूल ओढून प्रिंटर मांडला. पडदे उघडेच ठेवले. ताई जिथे बसते, जशी बसते, खिडकी तिच्या डाव्या खांद्याशी, उजेड मांडीवर, तेच आता मोजमाप. पूर्ण फोटो छापायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. पोरीच्या चेहऱ्याची बोटभर रुंद पट्टी घेतली, भुवईपासून हनुवटीपर्यंत, आणि तीच पट्टी एका कागदावर सहा वेळा छापली, प्रत्येक वेळी आधीपेक्षा उजळ. मग कात्रीने पट्ट्या वेगळ्या केल्या आणि एकेक करून ताईच्या मांडीवर ठेवल्या.

"हा?"

"नको."

"हा?"

"नको. पुढचा."

"हा?"

"थांब. यात काहीतरी आहे. पुढचा दे." तिने मान वळवली. "हा. हा बरा. याच्याही पुढे काही आहे का?"

पुढचा होता, पण काकांचा हात अडखळला. त्यांच्या लेखी तो फोटो राहिलाच नव्हता. गाल पांढरा फटक, दुपट्याच्या घड्या गायब, सगळे कष्टाने जपलेले करडे धुऊन निघालेले. इस्पितळात अशी फिल्म निघाली असती तर त्यांनी कुणाच्या नजरेला पडायच्या आत टोपलीत टाकली असती. बायकोने मागून त्यांच्या पाठीत हलकेच कोपर मारलं. त्यांनी पट्टी ठेवली.

ताई बराच वेळ बघत राहिली. "हाच," ती म्हणाली. "असाच पूर्ण काढ."

काकांनी जाड कागद घेतला, कोपरा ओठाला लावला, बाजू फिरवली आणि कागद प्रिंटरला दिला. दुपटं आणि भिंत त्यांनी आधीच पूर्ण पांढरी करून टाकली होती. फक्त चेहरा ठेवला, कागदभर. प्रिंटर पुढे मागे सरकत राहिला. कागद बाहेर आला तेव्हा काकांनी तो वाळेपर्यंत दोन बोटांत धरून ठेवला आणि खिडकीकडे न नेता सरळ ताईच्या मांडीवर ठेवला.

ताईने मान वळवली. कागद दोन्ही हातांनी धरून डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली, सावकाश सरकवत गेली, जसं एखादं पत्र ओळीओळीने वाचावं. एकदा झालं. पुन्हा सुरुवात केली. काकांना विचारायचं होतं, दिसतंय का. त्यांनी ओठ मिटून घेतले.

"डावी भुवई वर चढलीय," ताई म्हणाली. "हिला काहीतरी पटलेलं नाही."

काकांनी फोटोकडे पाहिलं. भुवई खरंच चढलेली होती. इतक्या दिवसांत गालाच्या छटा मोजताना त्यांनी ती बघितलीच नव्हती.

"तोंड बंद केलंय, पण खालचा ओठ आत ओढलाय. थोड्या वेळात रडणार आहे ही. किंवा नुकतीच रडून झालीय." तिने कागद जवळ घेतला. "जावळ फारसं नाही. कान केवढे मोठे आहेत. आमच्यात कुणाचे असे कान नाहीत. नातजावयाकडचे."

"आणि नाक?" बायकोने विचारलं. सगळ्यांनी ताईचं म्हणून सांगितलेलं ते नाक.

ताई नाकावरून दोनदा कागद सरकवून थांबली. मग तिला हसू यायला लागलं. आधी खांदे हलले, मग ती मोठ्याने हसली आणि डोळे पुसायला तिने पदर घेतला.

"बटाटा आहे हो बटाटा. माझं नाक असं कधी होतं?"

"नव्हतं," काका म्हणाले. "तुझं चांगलं सरळ आहे."

"तीन महिने मी हो हो म्हणतेय." ताईने फोटो उराशी धरला आणि दुसरा हात पुढे केला. "फोन दे इकडे. नातीला लाव."

बायकोने फोन लावून तिच्या कानाशी दिला. पलीकडून नातीचा झोपाळू आवाज आला.

"मी बोलतेय. तुझी लेक बघितली आज. हो, आत्ता, डोळ्यांनी, कागदावर. ऐक, माझ्यासारखी अजिबात दिसत नाही. नाक तर मुळीच नाही. कुणी उठवलं हे? ... तूच? ... अगं, मला बरं वाटावं म्हणून? मला हेच बरं वाटतंय. ही कुणासारखीच नाहीये, ही तिच्यासारखीच आहे." ती ऐकत राहिली, मान हलवत राहिली. मग म्हणाली, "हे बघ, आता ही रडत असली ना, की फोटो काढून पाठव. हसरी पोरं सगळी एकसारखी असतात. नीट तोंड वाकडं केलेला हवा. आणि तुझाही एक पाठव, जवळून. तुला बघून दोन वर्षं झाली."

काकांनी प्रिंटरजवळच्या कागदांच्या गठ्ठ्यातला वरचा कागद उचलला आणि कोपरा ओठाला लावला.

"तिला म्हणावं, लवकर पाठव," ते बायकोला म्हणाले. "दुपारनंतर या खिडकीतलं ऊन जातं."