अळूच्या वाफ्यातून गॅसची लाइन

गॅसची लाइन टाकायला आलेल्या माणसाने फक्कीची रेघ थेट माझ्या अळूच्या वाफ्यावरून ओढली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. शेजारीच घरमालकांची गाडी उभी करायची सिमेंटची जागा होती. तिथून का नाही? "सिमेंट तोड़ना पड़ेगा," तो म्हणाला. म्हणजे माती सोपी, आणि भाडेकरू त्याहून सोपा.

नवऱ्याची बँकेतली बदली आम्हाला या बंगाली वस्तीत, बागबाजारला घेऊन आली, तेव्हा मी आईच्या परसातले काळ्या देठाच्या अळूचे गड्डे पिशवीत घालून आणले होते. पुढे आई गेली, रत्नागिरीचं घर विकलं गेलं, नव्या मालकाने परसावर फरशी घातली. आता ते अळू फक्त माझ्याकडे उरलं होतं. बाजारच्या अळूसारखा त्याने घसा कधी खवखवायचा नाही. गौरीला त्याच्या वड्या तळताना मला आई घरात असल्यासारखी वाटायची.

"पूर्वी मराठे येऊ नयेत म्हणून इथे खंदक खणला होता, आता आलेल्यांच्या दारात खणतायत," नवरा म्हणाला. मला अजिबात हसू आलं नाही.

मजुरांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. एकाने कढीपत्त्याला गमछा अडकवला, दुसरा विडी ओढत वाफ्याकडे जरा जास्तच वेळ बघत बसला. सुपरवायझर म्हणाला, "बगीचा जैसा था वैसा बना देंगे." इतकं गोड बोलणारी माणसं मला चालत नाहीत. मी सगळे गड्डे स्वतः उपटले आणि वर घरमालकीणबाईंकडे नेऊन दिले. त्यांना मी माशीमा म्हणते, त्या मला बौमा, म्हणजे सूनबाई. "काम ख़तम होने तक आपके पास रहने दीजिए," मी सांगितलं. अख्ख्या गल्लीत तेवढ्या एकट्याच माझ्या संशयातून सुटल्या होत्या.

काम रेंगाळलं. चर उघडाच पडला. मी खिडकीत खुर्ची टाकून पहारा देत होते. मजुरांनी कढीपत्त्याची एक फांदीही मोडली नाही, त्याचासुद्धा मला संशय आला.

चर बुजवला त्या दुपारी माशीमा झाकलेला वाडगा घेऊन खाली आल्या. मोहरीच्या रश्श्यात कोळंबी आणि बटाट्यासारखे मऊ तुकडे.

"कोचुर मुखी, बौमा. तुम्हारा वाला. पड़ा पड़ा सूख रहा था."

आम्ही पानं खातो आणि गड्डा जमिनीत ठेवतो. त्यांच्याकडे गड्डा हीच भाजी. बाजारात ढिगाने पाहिलेली ही गोष्ट मला गड्डे देताना सुचली नाही.

"सब?" मी कसंबसं विचारलं.

"सब! एक भी फेंकने नहीं दिया."

माशीमा कौतुकाने माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. मी एक तुकडा खाल्ला आणि घसा खवखवायची वाट बघत राहिले. वाटलं, चुकून बाजारातले घातले असतील. पण घसा खवखवला नाही. आईचंच अळू होतं.