लाल रेघ, पिवळी रेघ आणि लाखोळी

मी आयुष्यात नेम धरून एकही वस्तू फोडलेली नाही. नेम न धरता मात्र बऱ्याच फोडल्या.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावात मी शाळामास्तर होतो, आणि तोही गणिताचा! बाबांनी घरावर नवी कवेलू (म्हणजे कौलं) घातली आणि ती वानरांना फार आवडली. रोज सकाळी टोळी यायची, छपरावर नाचायची आणि दोन-चार कवेलू फोडून निघून जायची. मी छर्र्याची बंदूक विकत आणली. आईनं त्याच दिवशी कायदा केला.

"वानर म्हंजे मारुतीराया. त्याले शिसं मारशीन तं या घरात जेवू नको."

"मंग काय मारू?"

"लाखोळी मार."

लाखोळी म्हणजे धान निघाल्यावर आमच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पिकते ती डाळ. तेव्हा वानरांसाठी लाखोळीचे दाणे (चाळणीनं निवडलेले!), सरावासाठी डबीतले छर्रे, आणि डबी संपली की मासेमारांच्या जुन्या जाळ्याचं शिसं वितळवून घरी पाडलेल्या गोळ्या, असा दारूगोळा ठरला. तिघांचं वजन वेगळं, म्हणून तिघांचा नेम वेगळा. लाखोळी वीस पावलांवर मान टाकी, घरची गोळी तिसावर. फक्त एका बाबतीत तिघांचं एकमत होतं: तिन्ही डावीकडं जात. त्याला मी वारा म्हणत असे.

यावर उपाय म्हणून मी चांद्याच्या बाजारातून जमीन मोजणाऱ्यांची एक मोडकी दुर्बीण आणली. लोहारानं ती दोन कड्या ठोकून बंदुकीवर बसवली. दुर्बिणीचं तोंड वर-खाली करायला एक पितळी स्क्रू, आणि स्क्रूच्या डोक्यावर वाटीएवढी चकती. त्या दुर्बिणीतून जग उलटं दिसे. अंगण वर, छप्पर खाली आणि आभाळ त्याच्याही खाली! बाबांनी एकदा डोळा लावला.

"अबे, मायं घर उलटं काऊन करून ठेवलं?"

"सवय होते, बाबा."

"वानराले झाली हाये. तुले कवा होईन?"

मी हिंमत सोडली नाही. महिनाभर खपून कुठल्या गोळीला स्क्रू किती फिरवायचा याचा हिशेब काढला आणि चकतीवर तीन रेघा ओढल्या. रंग बायकोच्या, सुमनच्या, करंड्यातला. छर्र्याला कुंकवाची लाल, घरच्या गोळीला हळदीची पिवळी, लाखोळीला काजळाची काळी. वरून डिंकाचा हात.

"अवो, बंदुकीचं लगन लावून राह्यले का?" सुमननं विचारलं.

या संशोधनात आईचा माठ, कंदिलाची काच आणि शेजारच्या रामाभाऊंची छत्री कामी आली. शेवटी बाबांनी निकाल सांगितला.

"दसऱ्याले चिंचेले मडकं टांगतो. तीन गोळ्या, तीन येळा मार. फुटलं तं बंदूक तुयी. नाई फुटलं तं सिरोंच्याच्या मामाले देऊन टाकीन."

शाळेत पोरं मला भीत नसत, घरात कोणी काही विचारत नसे. पण ती बंदूक खांद्याला लावली की मी कोणीतरी असे. ती गेली असती तर माझ्यापाशी पाढेच उरले असते.

दसऱ्याला मी आंघोळ करून नदीवरून आलो, तर आईची शस्त्रपूजा मांडून झालेली. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि मधोमध माझी बंदूक. चकती सोन्यासारखी लखलखीत! आणि तिच्यावर हळदीची पाच बोटं, कुंकवाची पाच बोटं.

"आई! माया रेघा कुठी गेल्या?"

"कोन्त्या रेघा? जुनं कुंकू चिकटून होतं. पूजेले शिळं कुंकू चालते का? चिंच लावून घासलं."

"चकती फिरवली तं नाई ना?"

"फिरवल्याबिगर घासाचं कसं? आठ-दहा येढे फिरवली. आतला मळबी काढला!"

तोवर अर्धं गाव अंगणातल्या चिंचेसमोर जमलं होतं. वानरंही येऊन छपरावर रांगेत बसली. (त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे.) मी मनात मारुतीरायाचं नाव घेतलं आणि पहिली लाखोळी सोडली. ती मडक्याच्या अर्ध्या वाटेवर अलगद उतरली. दुसरा छर्रा. आता लाल खुणा पाच होत्या, त्यातली मधली धरली. डावीकडच्या कुंपणावर रामाभाऊंनी नवी छत्री अडकवली होती.

"मास्तर, हे दुसरी छत्री हाये!" रामाभाऊ कळवळले.

तिसरी घरची गोळी. नेम थोडा वर घ्यायचा होता. पण दुर्बिणीतलं वर म्हणजे खाली, की खाली म्हणजे वर, हे ऐन वेळी गणिताच्या मास्तराला आठवेना! मी गरागरा स्क्रू फिरवला आणि चाप ओढला. मडकं हललंसुद्धा नाही. छपरावरचं एक कवेलू निसटलं, त्यानं दुसऱ्याला घेतलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि सात कवेलू धडाधड अंगणात आली. दचकून मी मागं सरलो तो कोपर लागून निवडलेल्या लाखोळीचं टोपलं उपडं झालं.

वानरांनी दाणे पाहिले. एकेक करून सगळी टोळी छपरावरून उतरली आणि पंगतीला बसावी तशी अंगणात बसून लाखोळी खाऊ लागली. छप्पर रिकामं!

बाबांनी वानरांकडं पाहिलं, छपराकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"बंदूक मामाले," ते म्हणाले. "लाखोळी राहू दे."

मामा दिवाळीत येऊन बंदूक घेऊन गेले. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी कुंपणापलीकडच्या बाभळीखाली दोन मुठी लाखोळी फेकायचं काम माझ्याकडं आलं. वानरं खाऊन निघून जात, छपराला हात लावत नसत. त्याला ना दुर्बीण लागली, ना रेघ. फक्त ओसरीवरून बाबा रोज ओरडत, "मास्तर, डावीकडं जाऊन राह्यले दाने!"

मी म्हणे, "वारा हाये, बाबा."