कुस्तीच्या मधोमध लागलेलं राष्ट्रगीत

खेळाच्या आधी राष्ट्रगीत लावावं की लावू नये, यावर आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये दर मोठ्या मॅचनंतर वाद पेटतो. मी खेळाची शिक्षिका, म्हणून शेवटी सगळे माझ्याकडे बघतात. मी सांगते, आधी लावा, नंतर लावा, फक्त मधी लावू नका. सगळे हसतात. मी थट्टा करत नसते. माझ्या एका कुस्तीच्या मधोमध ते लागलं होतं.

मी तेव्हा बारावीत होते. आमचं गाव जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीपासून जवळच. यात्रेत कुस्त्यांची दंगल व्हायची आणि त्या वर्षी पहिल्यांदाच पोरींची एक जोड ठेवली होती. मी घरातल्या कापसाच्या ढिगावर चुलतभावांना लोळवून डाव शिकले होते. वडिलांना हे आवडत नव्हतं, पण सरळ नाही म्हणणंही त्यांना जमत नव्हतं. मग त्यांनी अट घातली. "ह्या दंगलीत जिंकली तर जालन्याच्या तालमीत टाकतो. हारली तर बास. मंग मुकाट्यानं कॉलेज."

वडिलांचा शब्द म्हणजे शब्द. एकदा रागात काकांना म्हणाले, तुमच्या घरचा चहा पिणार न्हाई, तर आजही तिथं गेले की नुसतं पाणी पितात आणि वर तासभर गप्पा मारतात.

दंगलीच्या आधी पंधरा दिवस यात्रा कमिटीत राष्ट्रगीतावरून जुंपली. पोरांचं म्हणणं, टीव्हीवर सामन्याआधी लावतात, आपणही लावू. गावातले म्हातारे वस्ताद भडकले. "लंगोटावर उभं राहून राष्ट्रगीत? मान कपडे घालून देतात, काढून न्हाई." एक पोरगा म्हणाला, लंगोट ही पैलवानाची वर्दीच आहे. तिसऱ्यानं टोमणा मारला, "मंग बैलांच्या शर्यतीला बी लावा. बैलं सावधान करून दाखवा, म्या माझं बक्षीस देतो." तीन बैठका झाल्या. शेवटी ठरलं की फक्त शेवटच्या मानाच्या कुस्तीआधी लावायचं आणि पैलवानांनी अंगावर टॉवेल घ्यायचा. स्पीकरवाला आखाड्यापासून लांब, ट्रॉलीवर बसायचा. त्याला सांगून ठेवलं, प्रमुख पाहुणे खुर्चीतून उठले की लाव.

माझी जोड लागली ती जालन्याच्या मस्तगड भागातल्या एका पोरीशी. घरी उर्दू, तालमीत मराठी, आणि अंगात माझ्या दुप्पट चपळाई. पण सुरुवातीलाच ती एकदा चुकली आणि मी तिच्या पाठीवर गेले. ती पोटावर पालथी, माझा उजवा हात तिच्या कमरेखालून पलीकडे गेलेला. आता उचलून फिरवायची आणि पाठ मातीला लावायची, एवढंच राहिलं होतं. हलगी कडाडली. लोक ओरडायला लागले. आणि कुस्ती नीट दिसावी म्हणून प्रमुख पाहुणे खुर्चीतून उठले.

राष्ट्रगीत सुरू झालं.

सगळं मैदान ताठ उभं राहिलं. हलगीवाल्यानं हलगी खाली घेतली. भेळवाल्याचा हात चुरमुऱ्यात तसाच राहिला. पंचांनी तोंडातली शिट्टी काढली आणि हात सरळ केले. मीही पकड सोडली आणि उभी राहिले. न राहून काय करणार? शेजारी ती पोरगी उभी, दोघी मातीनं लाल. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, तोंडानं मी राष्ट्रगीत म्हणत होते आणि मनात त्या स्पीकरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. हातातोंडाशी आलेला घास गेला होता आणि शेजारची बाई बावन्न सेकंद छाती भरून दम घेत होती.

संपल्या संपल्या गलका झाला. कोणी म्हणे कुस्ती बरोबरीत सोडवा. कोणी म्हणे पुन्हा पहिल्यापासून लावा. आमच्या शाळेतले मास्तर तावातावानं म्हणाले, "पोरीनं मान राखला म्हणून तिचंच नुकसान, हा कुठला न्याय?" गावातले म्हातारे वस्ताद लांबून सारखे म्हणत होते, मी सांगल्तं, मी सांगल्तं. पंचांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि निकाल दिला. "पकड सुटली, ती सुटली. उभ्यानं सुरू करा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं.

तेवढ्यात ती पोरगी आखाड्याच्या मधोमध गेली आणि आपणहून पोटावर पालथी पडली. तिनं मान वळवून मला हाक मारली, "ये की. अशीच व्हते ना मी."

मी गेले, तिच्यावर ओणवी झाले, हात घातला. ती म्हणाली, "वैसा न्हाई. तुझा हात और नीचे व्हता, कमरेखाली. बराबर लाव." तिनंच माझं मनगट धरून जागेवर नेलं. पंचांनी माझ्या वडिलांकडे पाहिलं, तिच्या वस्तादांकडे पाहिलं आणि शिट्टी वाजवली.

मी उचललं. ती उचलली गेलीच नाही. कशी सुटली ते मला आजही सांगता येणार नाही. मला दिसलं ते थेट आभाळ, आणि पाठीखाली माती.

टँकरच्या नळाखाली मी तोंड धूत होते आणि रडत होते. माझी तालीम संपली होती. वडील मात्र माझ्याकडे न येता त्या पोरीच्या वस्तादांपाशी उभे राहून काहीतरी विचारत होते. मग आले. हातात टॉवेल होता.

"हारली तर बास म्हणल्तो मी," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"आता माझा शब्द मोडून राह्यलो. पहिल्यांदा अन् शेवटचं." त्यांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. "ही पोरगी जिथं शिकती, तिथंच तुला टाकतो. डाव काय, कुणीबी शिकवतंय."